माऊस कोणाच्या हाती, नोंद कोणाकडे

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांत निर्वात पोकळी, टोकांना टांगलेले आरसे आणि लेझरचा झोत, असे हे यंत्र. दूरच्या विश्वात दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की गुरुत्वीय लहर उठते आणि या भुजांची लांबी किंचित बदलते. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदलही टिपता यावा, अशी अशा वेधशाळेची घडण असते. त्यासाठी जमीन शांत लागते. औंढ्याची निवड झाली ती या शांततेमुळेच. केंद्र सरकारने 17 फेब्रुवारी 2016 रोजी प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला आणि 2030 हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठरवले.

असे यंत्र हाताने चालवता येत नाही. माणूस जवळ गेला तर त्याच्या पावलांनीही मोजमाप बिघडते. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोच्या ज्या दोन वेधशाळा चालू आहेत, तिथला चालक नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर बसतो आणि तिथूनच आरसे सावरतो, लेझर जुळवतो. यंत्राच्या दोन लाखांहून अधिक वाहिन्यांवर क्षणाक्षणाची नोंद होत असते. पडद्यामागे ‘एपिक्स’ नावाचे सॉफ्टवेअर काम करते. 1980 च्या दशकाच्या अखेरीला लॉस अलामॉस आणि आर्गॉन या अमेरिकी प्रयोगशाळांनी ते रचले. सुरुवातीला करार केलेल्या संस्थांपुरतेच ते होते, पुढे खुल्या परवान्यावर सर्वांना मिळाले. हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणी त्यावर चालतात आणि फ्रान्समधल्या ‘इटर’ या संलयन प्रकल्पाची नियंत्रणव्यवस्थाही त्यावरच उभी आहे. लायगो-इंडियात पुण्याची आयुका, इंदूरचे आरआरकॅट, मुंबईचे डीसीएसईएम यांच्या जोडीला गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था भागीदार आहे. ‘इटर’मधला भारताचा वाटाही तीच संस्था सांभाळते.

वेधशाळेत दुरून यंत्र चालवण्याची ही सगळी रीत उघड्या कोडवर, उघड्या नोंदींवर बसवलेली आहे. त्याच तालुक्यातल्या आपले सरकार सेवा केंद्रात मात्र दुरून संगणक चालवण्याची रीत याच्या अगदी उलट आहे. माझा सगळा मुद्दा या दोन टोकांमधल्या अंतराचा आहे.

केंद्रात काय घडते ते पाहा. सकाळी दहाची वेळ, बाकावर माणसे बसलेली, पीकविम्याची नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्याची गर्दी. तेवढ्यात थंबचे मशीन ठसे घेईनासे होते. केंद्रचालक हिंगोलीच्या नाहीतर नांदेडच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. पलीकडून पहिले वाक्य येते, “एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा.” एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणारे सॉफ्टवेअर. नऊ-दहा आकडे फोनवर सांगितले जातात. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येते, तिच्यावरचे ‘ॲक्सेप्ट’ दाबले जाते आणि बाण आपोआप फिरू लागतो. ड्रायव्हर काढला जातो, नवा टाकला जातो, मशीनचा दिवा लागतो, काम होते. या सगळ्या वेळात मागच्या खिडकीत एका शेतकऱ्याचा अर्ज उघडाच असतो. डेस्कटॉपवरच्या फोल्डरात महिनाभरातल्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती पडलेल्या असतात. ज्याचा अर्ज आहे तो समोरच्या बाकावर बसलेला असतो आणि आपली कागदपत्रे आत्ता कोणाच्या ताब्यात आहेत, हे त्याला ठाऊक नसते.

ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट, मराठवाड्यातल्या तालुक्यांना तिची फार गरज आहे. हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्याआधी जिल्ह्याच्या कामाला परभणी गाठावी लागे. आजही एका प्रिंटरसाठी मेकॅनिक हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर येणार म्हटले, तर दिवस गेला आणि बाकावरच्या माणसाची मजुरी बुडाली. दुरून दुरुस्ती झाली नाही तर केंद्र बंद पडते. म्हणून प्रश्न सोयीचा नाही. ही सोय ज्याच्या हाती जाते तो कोण, मधला दुवा कोणाचा, आणि नंतर विचारले तर दाखवायला नोंद कोणाकडे आहे, एवढाच प्रश्न आहे.

मधला दुवा म्हणजे काय ते आधी सांगायला हवे, कारण बहुतेकांच्या लेखी तो नसतोच. आपल्याला वाटते, नांदेडचा संगणक थेट औंढ्याच्या संगणकाला भेटला. प्रत्यक्षात दोन्ही संगणक आपापल्या राउटरच्या आड असतात आणि बाहेरून कोणाला सहजी दिसत नाहीत. त्यांची गाठ घालून द्यायला तिसरा संगणक लागतो. तो दोघांचे नंबर ओळखतो, एकमेकांचा पत्ता देतो आणि थेट रस्ता निघाला नाही तर सगळी चित्रे नि सगळे क्लिक स्वतःमधून वाहून नेतो. हा तिसरा संगणक कंपनीचा असतो. कोण, कोणाशी, कधी, किती वेळ जोडले गेले, हे त्यालाच पक्के माहीत असते.

या तंत्राचा उगम मात्र खुला आहे. 1990 च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी रिसर्च लॅबोरेटरीत व्हीएनसी हे दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर तयार झाले आणि 1998 मध्ये ते जीपीएल या खुल्या परवान्याखाली लोकांना दिले गेले. त्याची रचना मला आजही सुंदर वाटते. दूरचा संगणक आपल्या पडद्याचे बदललेले चौकोन तेवढे पाठवतो. इकडून जातात कळा आणि माऊसच्या हालचाली. माऊसच्या एका हालचालीचा संदेश फक्त 6 बाइटचा असतो. पहिला बाइट संदेशाचा प्रकार सांगतो, दुसरा कोणते बटण दाबले आहे ते, मग दोन बाइट आडव्या जागेचे आणि दोन उभ्या जागेचे. अशा मोजक्या संदेशांत कोणाचा तरी अर्ज ‘सबमिट’ होतो किंवा कोणाच्या तरी खात्यातून पैसे जातात. म्हणून हे 6 बाइट कुठून आले, हे विचारण्याचा अधिकार मला मूलभूत वाटतो.

2002 मध्ये ती प्रयोगशाळा बंद पडली. तेव्हा ती एटी अँड टीच्या मालकीची होती. पण कोड लोकांकडे होता, त्यामुळे व्हीएनसी बंद पडले नाही. मूळ लोकांपैकी काहींनी रिअलव्हीएनसी काढली, बाहेर टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी, पुढे टायगरव्हीएनसी असे फाटे फुटले आणि 2011 मध्ये त्यामागचे नियम आरएफसी 6143 या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. ज्या साधनावर शासनाची रोजची कामे टेकलेली आहेत, त्याचा मालक उद्या उठून गेला तर काय, या काळजीला इतके चोख उत्तर दुसरे नाही.

आता विश्वासाचे बघू. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले की एनीडेस्कसारखी ॲप फोनवर घ्यायला लावून, तो नंबर मागून यूपीआयमधून पैसे लुटले जात आहेत. 2022 च्या सुमारास ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असे संदेश फिरू लागले. त्यातल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा असेच एखादे ॲप घ्यायला सांगे. महावितरणने ग्राहकांना पुन्हा पुन्हा सावध केले. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा यात हात नव्हता, साधन ठगांच्या हाती पडले होते. पण साधन बनवणाऱ्यांच्या घरातही चोर शिरतात. 2 फेब्रुवारी 2024 रोजी एनीडेस्कने जाहीर केले की त्यांच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती. कंपनीने आपल्या वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअरवर सही करण्याची प्रमाणपत्रेही बदलायला घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये असेच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमव्ह्यूअर कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात घुसखोरी आढळली. कंपनीने तिचा संबंध रशियाशी जोडल्या जाणाऱ्या एका गटाशी लावला आणि ग्राहकांच्या जोडण्यांना धक्का लागला नाही असे सांगितले. ते खरेच असेल. पण ते खरे मानण्यापलीकडे औंढ्याच्या केंद्रचालकाला काही करता येत नव्हते. जर्मनीतल्या कंपनीने सांगितले, आपण ऐकले, तिथे विषय संपला.

ओपन सोर्सची बाजू मांडणारे इथे घाई करतात आणि म्हणतात की कोड उघडा केला की सुरक्षितता आली. तसे होत नाही. जुन्या व्हीएनसीत पासवर्ड कितीही लांब दिला तरी पहिली 8 अक्षरेच धरली जात. 2019 मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना व्हीएनसीच्या चार खुल्या आवृत्त्यांत मिळून 37 दोष सापडले आणि त्यांतले काही दोष कितीतरी वर्षे तसेच पडून होते. कोड उघडा होता, पण वाचणारे नव्हते. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या खुल्या प्रणालीत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. त्या माणसाने दोनेक वर्षे मदतनिसाचे सोंग घेऊन विश्वास मिळवला होता. तो चोरदरवाजा पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, तेही आपल्या संगणकावर लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढताना. आज भारतातही बरेच वापरले जाणारे रस्टडेस्क हे खुले सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या विंडोज आवृत्तीसोबत चाचणीचे एक मूळ प्रमाणपत्र संगणकात बसत होते, जे बसायला नको होते. वापरणाऱ्यांनी ते शोधले, जाहीरपणे जाब विचारला आणि ते काढावे लागले. ठगांनी रस्टडेस्कलाही सोडले नाही. त्यापायी रस्टडेस्कच्या कर्त्यांना चीनमधली आपली सार्वजनिक सेवा थांबवावी लागली.

मग उघड्या कोडने मिळते काय? जाब विचारण्याची शक्यता मिळते. एक्सझेडचा माग फ्रॉइंडला शेवटपर्यंत काढता आला, कारण आत शिरून पाहायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही. रस्टडेस्कमधले प्रमाणपत्र दिसले, कारण ते दिसण्याजोगे होते. ही शक्यता वापरायला माणसे लागतात, पगार लागतात, सवय लागते. तेवढे करायची तयारी नसेल तर उघडा कोड आणि बंद कोड यांत केंद्रचालकाला फारसा फरक पडणार नाही, हे मी मान्य करतो. पण बंद कोडमध्ये ती तयारी असूनही उपयोग होत नाही.

लायगोचा इतिहास मला इथे फार बोलका वाटतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली ती अमेरिकेत, पण माणसाच्या डोळ्यांना ती पहिल्यांदा दिसली जर्मनीत. हॅनोव्हरच्या संस्थेतला तरुण संशोधक मार्को द्रागो आपल्या संगणकावर बसला होता. हजारो किलोमीटर दूरच्या यंत्राचा संकेत त्याच्या पडद्यावर आला आणि त्याने लिव्हिंग्स्टनच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. संकेत इतका स्वच्छ होता की आनंदाच्या आधी शंका आली. लायगोत चाचणीसाठी मुद्दाम खोटा संकेत घुसवण्याची पद्धत होती आणि 2010 मध्ये तसा एक घुसवलाही होता. या वेळी तसे काही केलेले नाही हे कळल्यावर पुढचा प्रश्न आला. कोणी बाहेरून किंवा आतून यंत्रणेत शिरून खोडसाळपणा तर केला नाही ना? शास्त्रज्ञांनी तीही शक्यता गंभीरपणे तपासली. संकेत कोणत्या वाटांनी घुसवता आला असता, त्या त्या ठिकाणच्या नोंदी काय सांगतात, हे पाहिले. खात्री पटेपर्यंत घोषणा केली नाही. ती झाली 11 फेब्रुवारी 2016 रोजी.

या तपासाकडे मी विज्ञानातली आडवाटेची हकिगत म्हणून पाहत नाही. आपल्या यंत्राला दुरून कोणी हात लावला का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर पुराव्यानिशी देता येणे ही मोठी मिळकत आहे. नोंदी होत्या, त्या वाचणारे होते, आणि त्या कोणा तिसऱ्याच्या कपाटात बंद नव्हत्या म्हणून ते उत्तर देता आले. आजही त्या दोन वेधशाळांच्या चालकांच्या रोजनिशा इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. कोणता पंप बंद पडला, कोणी कोणता आरसा हलवला, सगळे तिथे लिहिलेले असते. शोधाचा विदाही ठरल्या मुदतीनंतर खुला होतो आणि तो तपासायची पायसीबीसी, एलएएलसूट ही साधनेही खुली आहेत. लहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणितात आयुकाच्या संजीव धुरंधर यांचे काम पायाभूत आहे. कोणत्याही विद्यापीठाशी जोडलेला नसलेला औंढ्याचा विद्यार्थीही घरी बसून तो विदा उतरवू शकतो.

आता सेवा केंद्राला तोच प्रश्न विचारा. एखाद्या शेतकऱ्याच्या अर्जात दुसऱ्याचाच खातेक्रमांक गेला. त्या दिवशी माऊस कोणाच्या हाती होता? केंद्रचालक म्हणेल, मी नाही. दुरुस्तीवाला म्हणेल, मी फक्त ड्रायव्हर टाकला. दोघेही खरे बोलत असतील. जोडणीची थोडीफार नोंद संगणकात सापडेलही, पण ती शोधायची कुठे हे कोणाला ठाऊक नसते आणि आत काय केले गेले ते तिच्यात नसते. शेवटी संशय सगळ्यांत कमकुवत माणसावर येतो, म्हणजे त्या केंद्रचालकावर. आपण तलाठ्याचे दप्तर सही-शिक्क्याशिवाय कोणा अनोळख्याच्या हाती देत नाही. त्या दप्तराहून किती तरी जास्त गोष्टी या संगणकात असतात, आणि तो एका तोंडी आकड्यावर दिला जातो.

याला इलाज आहे आणि तो महागडा नाही. रस्टडेस्कचा गाठ घालून देणारा सर्व्हर खुल्या परवान्यावर मिळतो. आपल्या मशीनवर तो बसवला की तालुक्यातल्या सगळ्या जोडण्या आपल्या दुव्यातून जातात. दोन्ही बाजूंना आपली चावी दिली की परक्या सर्व्हरची गरज उरत नाही. त्याला मोठे यंत्र लागत नाही, आणि कार्यालयीन कामाच्या एका जोडणीला सेकंदाला साधारण 100 किलोबाइट पुरतात. जिथे जोडणीचे चित्रीकरण हवे आणि कोणाला काय दिसावे हे ठरवायचे आहे, तिथे मेशसेंट्रल किंवा अपाची ग्वाकामोले यांपैकी एखादे खुले साधन बरे पडेल. ग्वाकामोले तर साध्या ब्राउझरमधून चालते, दुरुस्तीवाल्याला वेगळे काही बसवावे लागत नाही. केंद्र सरकारने 2015 मध्येच शासकीय प्रणालींत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. परवानगीची वाट पाहायची गरज नाही.

‘हे चालवणार कोण’ हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. सर्व्हर लावणे एका दुपारचे काम, पण तो पाच वर्षे अद्ययावत ठेवणे ही चाकरी आहे. तालुक्याच्या एखाद्या उत्साही मुलाने लावला आणि तो पुण्याला नोकरीला गेला, तर सहा महिन्यांत जुन्या दोषांसकट तो उघडा पडेल. तसा सर्व्हर नसलेला बरा. म्हणून हे केंद्रचालकाच्या गळ्यात बांधायचे काम नाही, जिल्ह्याचे आहे. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचा (एनआयसी) कक्ष असतो, त्याच्या कामाच्या यादीत हे नावानिशी घालावे. तंत्रनिकेतनाच्या मुलांना त्यावर शिकू द्यावे, पण जबाबदारीची सही अधिकाऱ्याची असावी. पैसा लागेल तो माणसाच्या पगाराला. कंपन्यांची फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरती असते, केंद्राचे काम व्यावसायिक ठरते. आज अटी न वाचता जे वापरले जाते, त्याची किंमत उद्या कोणी मागितली तर ती प्रत्येक केंद्रामागे द्यावी लागेल.

वेधशाळेकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे काय दुरून करू द्यायचे नाही, हेही ठरवणे. एपिक्सच्या मूळ रचनेत कडक पहारा नाही, म्हणून नियंत्रणाचे जाळे बाहेरच्या इंटरनेटपासून वेगळे ठेवतात आणि ओळख पटवूनच आत घेतात. लडाखमधल्या हानले इथली हिमालयन चंद्र दुर्बीण सुमारे 4500 मीटर उंचीवर आहे आणि ती उपग्रहाच्या दुव्यावरून बंगळुरूजवळच्या होस्कोट्याहून चालवली जाते. त्या उंचीवर रात्री काढण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. पण असा दुवा ठरलेल्या दोन जागांमध्ये असतो. सेवा केंद्रातही तसेच हवे. नेमलेल्या दुरुस्तीवाल्यांची यादी हवी, अर्ज भरण्याचे काम चालू असताना जोडणी बंद हवी आणि नागरिकांच्या प्रतींचे फोल्डर पलीकडच्याला दिसता कामा नये.

आणि परवानगीची चौकट मराठीत हवी. मला ही बाब किरकोळ वाटत नाही. वीजबिलाच्या नावाने लुटल्या गेलेल्या कित्येकांनी इंग्रजी चौकटीवर बोट ठेवले ते ‘पुढे जायचे तर हे दाबावे लागते’ एवढ्याच समजुतीने. तिथे काय लिहिले होते ते त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते. बंद सॉफ्टवेअरमध्ये ती चौकट बदलायची तर कंपनीला विनंती करावी लागेल. रस्टडेस्कमध्ये भाषांच्या फायली सर्वांसमोर उघड्या आहेत, आणि तिथे औंढ्याच्या शिक्षिकेलाही लिहिता येईल: “हा माणूस आता तुमच्या संगणकावरचे सर्व काही पाहील आणि तुमच्या नावाने बटणे दाबू शकेल. तुम्ही त्याला ओळखता का? बँकेतून किंवा वीज कंपनीतून फोन आला असेल तर ‘नाही’ दाबा.” हा मजकूर तयार ठेवायला 2030 ची वाट पाहावी लागत नाही.